कपाटातला दिवा म्हातारा होतो का?

कल्पना करा, छत्तीसगडमधील भिलाई-३ येथे गणेशोत्सव सुरू आहे. मंडळाने मुलांसाठी रात्री आठला चित्रपट ठेवला आहे. सतरंज्या अंथरल्या, मुले पुढे सरसावून बसली आणि नेमका प्रोजेक्टरचा दिवा गेला. चिटणीस म्हणतात, “घाबरू नका, तीन वर्षांपूर्वी घेतलेला जादा दिवा कपाटात आहे!” पण तो लागेल का?

ही चिंता जुनीच आहे. महाराष्ट्रातील जत्रांत फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजमध्ये एकेकाळी कार्बनच्या कांड्या जाळून पडद्यावर प्रकाश टाकला जाई. या कांड्या दमट हवेत ओल धरतात, म्हणून त्या कोरड्या जागी जपाव्या लागत. पुढे झेनॉनचे दिवे आले. त्यांत वायू इतक्या दाबाने भरलेला असतो, की थंड दिवाही धक्क्याने फुटू शकतो. म्हणून तो बसवेपर्यंत संरक्षक वेष्टनातच ठेवतात.

घर, शाळा किंवा मंडळाच्या दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये बहुधा पाऱ्याच्या वाफेचा छोटा दिवा असतो. १९९५ च्या सुमारास हा प्रकार बाजारात आला. पेटल्यावर त्यातील दाब वातावरणाच्या दोनशे पटींपर्यंत जातो. थंड असताना मात्र तो अगदी कमी असतो.

मग नुसता ठेवून तो खराब होतो का? फारसा नाही. पारा आणि वायू क्वार्ट्झच्या जाड नळीत बंद असतात. दिव्याचे आयुष्य वर्षांनी नव्हे, जळण्याच्या तासांनी मोजतात. बिघडते ते भोवतालचे: दमट हवेने जोडणीची टोके गंजतात, परावर्तकावर धूळ बसते, आदळआपट झाली तर आतला नाजूक भाग हलतो.

हे लक्षात ठेवा

● दिवा मूळ खोक्यातच, सिलिका जेलच्या पुडीसह, कोरड्या कपाटात ठेवा. पत्र्याखालचा पोटमाळा किंवा ओलसर भिंतीचा कोपरा नको. भिलाईचा कडक उन्हाळा आणि नंतरचा पावसाळा, दोन्ही त्याला सोसावे लागतात.

● काचेला बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा तापल्यावर काच खराब करतो. हात लागलाच तर स्पिरिटच्या स्वच्छ फडक्याने पुसून वाळू द्या.

● आणल्याबरोबर लावून पाहा. वॉरंटी सहसा थोड्या महिन्यांची आणि खरेदीच्या तारखेपासून असते. कपाटात पडून असतानाही ती संपत जाते! सदोष दिवा वर्षाने लक्षात आला, तर पैसे गेलेच समजा.

● चाचणीनंतर नवा दिवा प्रोजेक्टरमध्येच ठेवा आणि चालू स्थितीतला जुना राखीव ठेवा. दिवा बदलण्यापूर्वी प्रोजेक्टर बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. खोक्यावर तारीख व वापरलेले तास लिहा. नेमून दिलेले तास संपलेला दिवा ठेवू नका. तो फुटण्याचा धोका वाढतो.

● दिवा फुटलाच तर मुलांना बाहेर न्या, खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीत जाऊ नका. झाडू मारू नका, पारा पसरतो.

एलईडी आणि लेझर प्रोजेक्टरमध्ये असा दिवा बदलावा लागत नाही, त्यामुळे जुन्या मॉडेलचे दिवे मिळणे अवघड होत चालले आहे. म्हणून एक जादा दिवा अवश्य घ्या, पण पारखून घ्या. चिटणिसांनी तो आणल्या दिवशीच अर्धा तास लावून पाहिला असता, तर मुलांसमोर उभे राहून देवाचा धावा करायची वेळ आली नसती.