दोन होड्यांची एक होडी

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष (कला)

'कॅटमरान' हा शब्द कानाला इंग्रजी वाटतो, पण तो मूळचा तमिळ आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे मच्छीमार ओंडके दोरीने एकत्र बांधून समुद्रात जात, त्या तराफ्याचे हे नाव. साहेबाने ते उचलले आणि पुढे पॅसिफिक बेटांवरच्या जोडहोड्यांनाही तेच चिकटवून दिले. आज कॅटमरान म्हणजे दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी जोडलेले जलयान, असाच अर्थ रूढ आहे.

कला शाखेच्या मुलीने होडीच्या रचनेवर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली असले, तरी होडी आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. बाबांची होडी उलांडीची. मी चौथीत असताना एकदा वाऱ्यात उलांडीचे बंध सुटले आणि होडी पालथी झाली. बाबा दोन तास तिच्या बुडाला धरून होते. होडी पालथी का होते आणि का होत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून आहे.

शर्यतीच्या लहान कॅटमरानमध्ये सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अमेरिकेतील 'होबी १६'. तिचा कर्ता होबी आल्टर हा कॅलिफोर्नियाचा. लाटांवर घसरण्याच्या फळ्या, म्हणजे सर्फबोर्ड, बनविणे हा त्याचा धंदा. १९५८ च्या सुमारास त्याने लाकडाऐवजी फोम आणि फायबरग्लासच्या फळ्या करण्यात यश मिळविले. तेच तंत्र त्याने होडीला लावले. १९६८ साली चौदा फुटी होडी आली आणि मागोमाग १९७० च्या सुमारास सोळा फुटी. पुढे तिच्या एक लाखाहून अधिक प्रती निघाल्या.

आता मुख्य प्रश्न. दोन होड्या कशासाठी? एकच होडी पाणी कापीत चालली की ती स्वतःच एक लाट निर्माण करते, आणि वेग वाढला की त्या लाटेच्या दोन उंचवट्यांमध्ये अडकते. पुढची लाट चढून जाणे तिला जमत नाही. सोळा फुटी साध्या होडीची ही मर्यादा ताशी साडेपाच सागरी मैलांच्या आसपास येते. होडी अगदी निमुळती केली तर लाट फार लहान उठते व ही मर्यादा सहज ओलांडता येते. पण निमुळती होडी शीड उभारताच कलंडणार! म्हणून दोन निमुळत्या होड्या दूर दूर ठेवावयाच्या. निमुळतेपणाने वेग मिळतो आणि अंतराने तोल.

हा तोल किती, याचा मी ढोबळ हिशेब करून पाहिला. होबी १६ चे वजन सुमारे १४५ किलो, रुंदी २.४ मीटर. वाऱ्याकडची होडी पाण्यातून उचलली जाते त्या क्षणी सारा भार दुसऱ्या होडीवर असतो. जलयानाचे वजन तिच्यापासून अदमासे १.२ मीटरवर, म्हणजे १४५ गुणिले १.२, सुमारे १७४. आता दोन खलाशी मिळून १४० किलोचे धरा. ते डोलकाठीला बांधलेल्या तारांना कमरेने लटकून बाहेर झुकतात, तेव्हा ते तीन मीटरवर असतात. १४० गुणिले ३ म्हणजे ४२०. होडीपेक्षा माणसांनीच तोल अधिक राखला की नाही? बाबा उलांडीच्या दांड्यावर जाऊन बसत, ते हेच गणित होते.

होडी आणखी रुंद का केली नाही, असे कोणी विचारील. अमेरिकेत रस्त्यावरून ओढून नेण्याच्या वाहनाला आठ फुटांची मर्यादा होती, आणि होबीची रुंदी आठ फुटांना एक इंच कमी आहे. समुद्रावरच्या होडीचे माप रस्त्याने ठरविले, ही मौजच म्हणावयाची.

शिडाची होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून बुडाखाली फळी घालतात. पण फळी असली की लाटांतून थेट वाळूवर चढता येत नाही. आल्टरने फळी काढूनच टाकली. त्याऐवजी प्रत्येक होडीची बाहेरची बाजू चपटी आणि आतली फुगीर ठेवली. विमानाच्या पंखाप्रमाणे फुगीर बाजूकडे ओढ निर्माण होते, आणि दाबाखालची होडी साऱ्या जलयानाला वाऱ्याच्या दिशेने खेचून धरते. सुकाणूही असे, की पाते वाळूला लागताच खटका सुटून वर उचलले जाते.

बांधणी साच्यात होते. साचा मेणाने गुळगुळीत करून आधी रंगाचा थर, मग काचेच्या तंतूंचे कापड व त्यावर रेझिन. नंतर फोमचा पातळ पत्रा बसवून हवा शोषून घेऊन तो दाबतात, व आतून पुन्हा कापड आणि रेझिन. दोन पातळ कातड्यांमध्ये हलका गाभा असल्याने वजन न वाढता ताठपणा येतो. तळ आणि वरचे झाकण वेगळे ओतून काठाशी चिकटवितात. (आमच्या बंदरातही आता फायबरच्या होड्या झाल्या आहेत. रेझिनचा तो उग्र वास मला पाठ आहे.) दोन्ही होड्यांतून चार खुंट वर येतात, त्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट व चौकटीत ताणलेले कापड, त्यावर खलाशी बसतात. साऱ्या होड्या एकाच साच्याच्या. म्हणून शर्यतीत कस लागतो तो माणसाचा.

दोष नाहीत असे नाही. नाळ बारीक असल्याने जोराच्या वाऱ्यात ती पाण्यात घुसते आणि होडी पुढच्या बाजूने कोलांटी खाते. खुंटांजवळ कातडे गाभ्यापासून सुटते. म्हणून जुनी होडी घेणारा तिथे अंगठ्याने दाबून पाहतो. आणि एकदा पालथी झाली की दोन्ही होड्या वर तरंगतात, ती उलटीही तितकीच स्थिर राहते. खलाशी दोर धरून बुडावर उभे राहतात व मागे झुकून तिला उठवितात.

सर्वांत भयंकर दोष मात्र पाण्यातला नव्हे. साडेसव्वीस फुटी ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी ठेवूनच होडी किनाऱ्यावर ओढताना ती विजेच्या तारांना लागून माणसे मेली. १९८० च्या दशकात डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा करण्यात आला, तो त्यानंतर.

हे सारे मी बाबांना चित्र काढून समजावले. बाबांनी दोन्ही होड्यांमधली मोकळी जागा बोटाने दाखवली आणि विचारले, "बाय, ह्या होडयेत मासळी ठेवतत खंय?" मी म्हटले, ही फक्त शर्यतीची. ते बराच वेळ चित्र पाहत राहिले. मग चौकटीच्या चार कोपऱ्यांवर एकेक बोट ठेवीत म्हणाले, "हे बंध रोज बघूक होये."