कार्ड एकाचे, आयुष्य चौघांचे : जपानमधील निवास परवान्याचे नूतनीकरण समजून घेऊ

काही महिन्यांपूर्वी रात्री उशिरा आम्हाला जपानहून फोन आला. आपल्याच चळवळीत वाढलेला, आयटी कंपनीत नोकरी करणारा तरुण. त्याच्या निवास परवान्याचे नूतनीकरण कंपनीने करून दिले होते, नवे कार्डही हातात आले होते. पण पत्नी आणि मुलीच्या कार्डाची मुदत बारा दिवसांनी संपत होती आणि त्यांचा अर्जच झालेला नव्हता. "कंपनीने माझ्यासोबत त्यांचेही केले असेल असे वाटले," तो म्हणाला. लग्नाचा मूळ दाखला गावी आईच्या पेटीत होता. गावातल्या कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी पेटी उघडून दाखला स्कॅन करून पाठवला आणि मुदतीच्या आत अर्ज दाखल झाला. पण तो आठवडा त्या घराने कसा काढला, हे आम्ही ऐकले आहे.

शिक्षणाच्या जोरावर आपली मुले-मुली आता परदेशात पोहोचत आहेत. जपानशी तर आपले नातेही आहे. बौद्ध परंपरेचा हा देश, आणि तिथल्या कोयासान विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. जाण्यासाठी काय लागते याची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. गेल्यावर कुटुंबासह टिकून राहायला काय लागते, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

प्रत्येकाचा परवाना वेगळा

जपानमध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला रेसिडेन्स कार्ड मिळते. इंजिनिअर किंवा तत्सम पदवीधर नोकरदाराला पाच वर्षे, तीन वर्षे, एक वर्ष किंवा तीन महिने अशा मुदतीचा परवाना मिळतो. पती किंवा पत्नी आणि मुलांना 'काझोकु ताइझाई', म्हणजे आश्रित कुटुंबीय, हा दर्जा मिळतो. आई-वडील यात येत नाहीत.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आश्रितांचा परवाना कमावत्याच्या परवान्यावर उभा असतो, पण त्याचे नूतनीकरण आपोआप होत नाही. घरात चार माणसे असतील तर अर्ज चार आणि शुल्कही चौघांचे. १ एप्रिल २०२५ पासून हे शुल्क प्रत्येकी ६,००० येन, ऑनलाइन अर्जाला ५,५०० येन झाले. शुल्क बदलत असते, म्हणून अर्जाआधी इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. कंपनी बहुतेक वेळा फक्त आपल्या कर्मचाऱ्याचे पाहते. कुटुंबाचे आपणच पाहायचे.

अर्ज कधी करायचा?

मुदत संपण्याच्या साधारण तीन महिने आधीपासून अर्ज घेतला जातो. मुदतीच्या आत अर्ज केला आणि निर्णय आला नाही, तर मुदतीनंतर जास्तीत जास्त दोन महिने किंवा निर्णय येईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, कायदेशीरपणे राहता येते. पण मुदत संपल्यावर एक दिवस जरी उशीर झाला, तरी तो बेकायदा मुक्काम ठरतो. म्हणून चौघांच्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात.

कागद कोणते?

नोकरदारासाठी अर्जाचा एक भाग स्वतः भरायचा असतो, दुसरा कंपनीने. सोबत फोटो, पासपोर्ट आणि कार्ड. कंपनी लहान असेल तर कागद जास्त मागतात. आश्रितांसाठी नात्याचा पुरावा, म्हणजे विवाह नोंदणीचा किंवा जन्माचा दाखला, कमावत्याच्या कार्डाची प्रत, नोकरीचा दाखला आणि कराचे दाखले लागतात. मराठी किंवा इंग्रजी कागदासोबत जपानी भाषांतर जोडावे लागते. जपानमध्ये काढलेले दाखले तीन महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत.

कराचे दाखले दोन : किती कर लागला ते सांगणारा 'काझेई शोमेइशो' आणि किती भरला ते सांगणारा 'नोझेई शोमेइशो'. त्या वर्षी १ जानेवारीला आपण जिथे राहत होतो, तिथल्या पालिकेकडूनच ते मिळतात. घर बदलून दुसऱ्या शहरात गेलो असू, तर जुन्या पालिकेकडे अर्ज करावा लागतो. अनेकांचे आठ-दहा दिवस यातच जातात.

नूतनीकरण तीन महिन्यांचे नसते

अर्ज तपासताना मागच्या काळातले वागणे पाहिले जाते. निवासी कर वेळेवर भरला का? आरोग्य विमा आहे का? पत्ता बदलल्यावर १४ दिवसांत पालिकेत नोंद केली का? नोकरी बदलल्यावर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवले का? नोकरी सुटली आणि योग्य कारणाशिवाय तीन महिने ते काम केले नाही, तर परवाना रद्द होऊ शकतो. त्यासोबत घरातल्या सगळ्यांचाच पाया हलतो.

आश्रित पत्नीला किंवा पतीला काम करायचे असेल तर वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि मर्यादा आठवड्याला २८ तासांची असते. दोन ठिकाणी काम केले तरी मिळून २८ तास. ही परवानगी परवान्याच्या मुदतीसोबत संपते. म्हणून नूतनीकरणाच्या अर्जासोबत तिचाही अर्ज पुन्हा करावा. जादा तास केले तर कर दाखल्यावरच्या उत्पन्नातून ते उघड होते.

बाळंतपणाला माहेरी येताना

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. नूतनीकरणाचा अर्ज मात्र जपानमध्ये असतानाच करावा लागतो. भारतात असताना कार्डाची मुदत संपली तर परतण्याचा हक्क जातो आणि पात्रता प्रमाणपत्रापासून सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. विमानतळावर निघताना विशेष पुनर्प्रवेशाच्या रकान्यात खूण केली, तरी ती सवलत एक वर्ष किंवा कार्डाची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तेवढीच टिकते. तिकीट काढण्याआधी कार्ड पाहावे.

बाळ जपानमध्ये जन्मले तर १४ दिवसांत पालिकेत नोंद आणि ३० दिवसांत बाळाच्या निवास दर्जासाठी अर्ज करावा. तिथे जन्मल्याने जपानी नागरिकत्व मिळत नाही. भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत जन्मनोंद करून घ्यावी.

आपल्या घरातली तयारी

आपली लग्ने बौद्ध पद्धतीने होतात, बौद्धाचार्य दाखलाही देतात. तो जपावाच, पण परदेशात सरकारी नोंदणीचा दाखला लागतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी होते. लग्नाच्या हॉलचे बुकिंग करतानाच नोंदणीची तारीख ठरवा.

दुसरा घोळ नावाचा. लग्नाआधीच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे, मुलाच्या दाखल्यावर आईचे तिसरेच स्पेलिंग. परदेशी अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसे वाटतात. जाण्याआधी नावे एकसारखी करून घ्या. ज्या मुलींना माहेरचे नाव ठेवायचे आहे त्यांनी अभिमानाने ठेवावे, फक्त सगळीकडे तेच ठेवावे.

तिसरी गोष्ट एजंटांची. 'विशिष्ट कुशल कामगार' या दर्जाच्या पहिल्या पातळीवर आणि तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून जाणाऱ्यांना कुटुंब नेता येत नाही. "आधी जा, मग बायको-मुलांना बोलवा" असे कोणी सांगत असेल, तर कोणत्या दर्जावर, हे लेखी विचारा.

'आश्रित' या शब्दाविषयी

शेवटचा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या समाजातील एम.एस्सी., बी.एड. झालेल्या मुली तिथे 'आश्रित' म्हणून राहतात. अनेकींचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात असतो, कार्डाची तारीख त्यांना पाठ नसते. घटस्फोट झाला किंवा पती वारला, तर त्या स्त्रीने १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचे असते आणि तिच्या राहण्याचा आधारच संपू लागतो. अशा वेळी कागद हाती नसलेली स्त्री पूर्ण एकटी पडते. कायद्याने ती आश्रित असेल, घरात तिला आश्रित करू नका. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे कागद तिच्याच हाती असावेत, स्कॅन प्रती माहेरी आणि सासरी दोन्हीकडे असाव्यात. पदवी नोकरीशी जुळत असेल तर स्वतःच्या नोकरीच्या परवान्यासाठी दर्जा बदलून मागता येतो. हा मार्ग प्रत्येकीला माहीत असायला हवा.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धे सोडून परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली, आणि १९२० मध्ये ते परत गेले. मुदत संपते तेव्हा पुढचा कागद हातात असला पाहिजे, हे आपण त्यांच्याकडूनच शिकायचे.

आपल्या विहारातील, वस्तीतील कोणी परदेशी असेल तर आज त्यांना एकच प्रश्न विचारा : घरातल्या प्रत्येकाच्या कार्डाची तारीख काय आहे?

जयभीम!