चिंध्यांची गादी: समज आणि वस्तुस्थिती

बालाघाट जिल्ह्यातलं हट्टा हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. धान कापून झालं की या भागात तणसीचे ढीग लागतात आणि रात्रीचा गारठाही वाढतो. जुनी लुगडी, फाटके सदरे, शिवणकामातून उरलेले तुकडे याच दिवसांत बाहेर काढावेत आणि गोधडीतून उरलेल्या चिंध्यांची कुत्र्या-मांजरासाठी गादी शिवावी. घरच्या कापडाचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. मात्र काही समज डोक्यात पक्के बसलेले असतात आणि त्यांचा त्रास मुक्या जिवाला होतो.

चिंध्या कोंबल्या की गादी झाली, हा पहिला समज. लांब पट्ट्या आत एकमेकींत गुंततात, दोनचार धुण्यांत त्यांचे गोळे होतात आणि मधोमध खड्डा पडतो. तुकडे बोटाच्या पेराएवढे कापावेत, जीन्सच्या जाड शिवणी काढून टाकाव्यात. एका मोठ्या पिशवीऐवजी दोनतीन चपट्या पिशव्या भरून त्यांना गोधडीसारखे टाके घालावेत आणि वरून सुटा अभ्रा चढवावा. पावसाळ्यात एकच जाड पिशवी आतून वाळत नाही, कुबट वास धरते.

जितकी मऊ तितकी चांगली, हेही खरं नाही. सांधे दुखणारा म्हातारा कुत्रा फार मऊ गादीत रुततो आणि त्याला उठताना कष्ट पडतात. उलट, मोठ्या अंगाचा कुत्रा कायम फरशीवर पडला तर त्याच्या कोपरांना घट्टे पडतात, कधी पाण्याची गाठ होते. दाबली तर दबेल पण तळ लागणार नाही, एवढी घट्ट गादी योग्य. उन्हाळ्यात तो गादी सोडून गार फरशीवर गेला तर जाऊ द्यावं. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, त्याला गार जागा लागते.

तणस गुरांची, कुत्र्याला गोधडीच हवी, असं पुष्कळांना वाटतं. घरात गोधडी ठीक. पण ओसरीवर किंवा अंगणात झोपणाऱ्या कुत्र्याखाली दव पडून कापड ओलं झालं, की तेच अंगातली ऊब ओढून घेतं. कोरडी तणस ओल कमी धरते, तिच्यात अडकलेली हवा ऊब टिकवते. आडोशाला तणसीचा जाड थर घालावा आणि दमट होताच बदलावा.

सर्वांत घातक समज गोचिडांबद्दलचा आहे: गादीत डांबरगोळी शिवली की गोचीड येत नाही. डांबरगोळी कुत्र्याला विषारी आहे, मांजराला तर त्याहूनही जास्त. शिवाय कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बराच काळ अंगावर नसतेच. ती रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, अंथरुणाच्या घडीत हजारो अंडी घालते. पिसवांची अंडीही केसांवरून गळून गादीतच पडतात आणि त्यांच्या अळ्या उजेडापासून लपतात. म्हणून दर आठवड्याला अभ्रा काढून 60 अंशांच्या वर तापलेल्या पाण्यात धुवावा. सुती कापड उकळलं तरी टिकतं, म्हणून अभ्र्याला जुनं सुती लुगडंच बरं. गादी झोडपून कडक उन्हात टाकावी, जमिनीच्या फटी झाडाव्यात. अंगावरच्या गोचिडांचं औषध मात्र जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारावं, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं. मांजराच्या गादीला फिनाइलही लावू नये. त्यातले घटक पचवून बाहेर टाकण्याची ताकद त्याच्या यकृतात फारच कमी असते.

शेवटची गोष्ट सजावटीची. टिकल्या, बटणं, गोंडे नकोत. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही. तो गिळला जातो, आतड्यात ताणला जातो आणि आतडं कापूही शकतो. टाक्यांच्या गाठी आतल्या बाजूला ठेवाव्यात, शिवून झाल्यावर सुया मोजून डबीत टाकाव्यात. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये. मांजराला तसंच डॉक्टरांकडे न्यावं.