पाच किलोमीटर : वेळ हुकते ती पहिल्याच किलोमीटरला

आज बोलू या पाच किलोमीटरच्या रस्त्यावरच्या शर्यतीबद्दल. पदक मिळवायचं नाही, फक्त स्वतःचीच आधीची वेळ मोडायची आहे. मग ती का मोडत नाही? बहुतेक वेळा ती पहिल्या किलोमीटरलाच हातून जाते.

समजा, तुमची आजवरची उत्तम वेळ 30 मिनिटं आहे. म्हणजे दर किलोमीटरला 6 मिनिटं. आता 29:30 करायची आहे. त्यासाठी किलोमीटरमागे किती वाचवायचे? फक्त 6 सेकंद!

पण शिट्टी वाजते, डीजे सुरू असतो, सगळे सुसाट सुटतात. तुम्हीही 5:30 मध्ये पहिला किलोमीटर मारता. वाटतं, वा, आज जमलं! पुढे काय होतं बघा : 5:50, 6:10, 6:20, 6:15. बेरीज 30:05. सुरुवातीला कमावलेलं व्याजासकट परत गेलं.

असं का होतं? वेग झेपण्यापलीकडे गेला की ऑक्सिजनवर मिळणारी ऊर्जा पुरत नाही. स्नायू दुसऱ्या मार्गाने ऊर्जा काढतात, त्यात आम्लता वाढते आणि पाय जड होतात. त्यात उकाडा असेल तर अंग थंड ठेवण्यासाठी बरंच रक्त त्वचेकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं. म्हणून रायपूरमध्ये विक्रमाचा प्रयत्न डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी करा. मे महिन्यात घड्याळ घरी ठेवलं तरी चालेल.

मग धावायचं कसं? 6:00, 5:55, 5:55, 5:55 आणि शेवटी 5:45. बेरीज बरोबर 29:30. पहिल्या किलोमीटरला लोक पुढे जातील, जाऊ द्या. चौथ्याला त्यातले बरेच भेटतील.

सराव सोपा आहे. आठवड्यातून एकदा, 5:54 च्या वेगाने एक किलोमीटर, मग दोन मिनिटं चाल, असं चार वेळा. तेलीबांध्याच्या मरीन ड्राइव्हवर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते. तिथे हळू धावा. वेगाच्या सरावाला नवा रायपूरचे रुंद, सरळ रस्ते बरे. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतकंच हळू धावायचं.

आणखी एक गोष्ट. मोजलेल्या मार्गावरही घड्याळ 5.06 किलोमीटर दाखवतं आणि लोक आयोजकांशी भांडतात. मार्ग मोजतात तो वळणाच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या रेषेने. आपण धावतो बाहेरून, लोकांना वळसे घालत. म्हणून वळण आतून घ्या आणि घड्याळापेक्षा किलोमीटरच्या पाट्यांवर विश्वास ठेवा.

बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने 2018 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम 8:29.80 वर आणला. 2024 मध्ये त्याची वेळ होती 8:09.91. इतक्या मोठ्या धावपटूलाही वीस सेकंदांसाठी सहा वर्षं लागली. मग आपण एका रविवारी दोन मिनिटं कशाला मागायची?

आणि हो, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं. शर्यत पुन्हा येते.

पहिला किलोमीटर सांभाळा. भेटू या पुढच्या भागात!