एकट्या ग्रंथपालाचे आप्त

ग्रंथालय म्हटले की डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटे येतात. त्या कपाटांपुढे बसलेला माणूस सहसा येत नाही. पुण्याची ग्रंथालय-परंपरा जुनी आहे. १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने येथे नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. तथापि मोठ्या संस्था वगळल्या, तर पेठांतील लहान वाचनालयांत आणि शाळांत ग्रंथपाल बहुधा एकच असतो. पुस्तकांची निवड, दाखल-नोंद, वर्गीकरण, देवघेव, वर्गणी, इतकेच काय, कुलूपकिल्लीदेखील त्याच्याच हाती.

कामाचा हा बोजा लहान नव्हे. पण आमच्या मते खरी अडचण पुढेच आहे. त्याच्या शेजारी त्याच्या व्यवसायातला दुसरा माणूस नसतो. एखादे पुस्तक इतिहासात लावावे की चरित्रात, हे त्याने विचारावे कोणाला? चुकले तर सांगणार कोण? आणि भलत्याच खणात गेलेले पुस्तक वाचकाच्या दृष्टीने हरवलेलेच असते!

डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तेथील एकांताला कंटाळून थोड्याच दिवसांत पुन्हा अध्यापनाकडे वळू पाहत होते. पुढे इंग्लंडात ते बर्विक सेयर्स यांच्यापाशी शिकले, तिकडची पुष्कळ ग्रंथालये हिंडून पाहिली, आणि १९२५ साली परतले ते याच कामाला वाहून घेण्यासाठी. १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला, १९३१ साली त्यांची प्रसिद्ध पाच सूत्रे ग्रंथरूपाने आली. काम तेच होते. मधल्या काळात त्या कामाचे आप्त त्यांना भेटले होते.

प्रत्येकाला विलायत गाठणे नको. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत सिद्ध केली. ती जवळ असली म्हणजे लहान वाचनालयाचा ग्रंथपालही नुसते ‘नाही’ न म्हणता, ‘असे पुस्तक निघालेले आहे, शोधू या’ असे म्हणू शकतो. कोठे शोधावे, हे मात्र दुसऱ्या ग्रंथपालांची ओळख असेल तरच कळते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदानाची सोय झाली. अनुदानातून कपाट घेता येते, ओळखी ग्रंथालय संघाच्या सभांतून आणि शिबिरांतूनच होतात.

अशा सभेला जाणे म्हणजे रजेची चैन, असा समज कार्यकारी मंडळांत आढळतो. श्रोतेहो, आपणांपैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या वाचनालयाचे सभासद असाल. येत्या वार्षिक सभेत हिशेबाबरोबर एवढेही विचारा: आपला ग्रंथपाल यंदा संघाच्या सभेला गेला होता काय? गेला नसेल, तर पुढच्या खेपेस देवघेवीच्या टेबलाशी एक दिवस आपण बसू, असे सांगा. त्याने तेथून आणलेली माहिती अखेर आपल्याच उपयोगी पडणार आहे.