ऑनलाइन विक्रीसाठी मालाची निवड : कोकमाचे एक उदाहरण

मोबाइल फोन, बँकेतील खाते आणि टपालाची किंवा कुरिअरची सोय या तीन गोष्टी आता बहुतेक गावांच्या आवाक्यात आल्या आहेत. त्यामुळे कोकणातील बागायतदाराला आपला माल मुंबईच्या, पुण्याच्या किंवा त्याहूनही दूरच्या ग्राहकास मध्यस्थाशिवाय विकता येतो. ही सोय निःसंशय मोठी आहे. परंतु केवळ सोय उपलब्ध झाली म्हणजे धंदा उभा राहिला, असे होत नाही.

पुष्कळदा असे घडते की, एखादे कुटुंब उत्साहाने आंबा, काजू, फणसपोळी, कुळथाचे पीठ, पापड, लोणची व मसाले असे पंधरा-वीस जिन्नस एकदम विक्रीस ठेवते. घरातील शिल्लक रक्कम पिशव्या, छापील लेबले आणि यंत्रे यांत गुंतते. पहिल्या हंगामात नात्यागोत्यातील व ओळखीची माणसे माल घेतात. दुसऱ्या हंगामात मागणी ओसरते, माल पडून राहतो आणि पुढच्या खरिपाच्या बी-खतासाठी ठेवलेला पैसा अडकून बसतो. अशा वेळी दोष मालाच्या प्रतीचा क्वचितच असतो; तो बहुधा निवडीचा असतो. म्हणून काय विकावे, कोणास विकावे आणि ते काम घरातील कोणाच्या हातून व्हावे, या तीन प्रश्नांचा विचार एक रुपयाही गुंतविण्यापूर्वी करणे अगत्याचे आहे.

मालाच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी टिकाऊपणाची. पार्सल वाटेत दोन दिवस राहील की सहा दिवस, हे विक्रेत्याच्या हाती नसते. जो माल उन्हापावसात आठवडाभर सुस्थितीत राहतो, तोच नवख्या विक्रेत्याने प्रथम निवडावा.

दुसरी कसोटी वजनाच्या मानाने किमतीची. एक किलो कांदा आणि एक किलो हळदपूड यांचा वाहतूकखर्च सारखाच येतो. परंतु कांद्याच्या किमतीहून तो अधिक होतो, तर हळदपुडीच्या किमतीत तो सामावू शकतो. आकारमानाचाही विचार करावा लागतो. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकारास 5,000 ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्ष वजनाहून जास्त असल्यास त्याप्रमाणे आकार घेतात. 30 × 20 × 20 सेंटिमीटरचा खोका या हिशेबाने 2.4 किलोचा ठरतो, मग त्यात एक किलोच माल का असेना. लाह्या किंवा मुरमुरे यांसारखा हलका पण जागा व्यापणारा माल त्यामुळे दूर पाठविणे परवडत नाही.

तिसरी कसोटी वेगळेपणाची. जो माल ग्राहकाला त्याच्या घराजवळच्या दुकानात तशाच प्रतीचा मिळतो, तो तो दुरून मागविणार नाही. शहरात सहज न मिळणारा, किंवा मिळाला तरी ज्याच्या शुद्धतेची खात्री वाटत नाही, असा माल शोधावा.

आंबा की कोकम?

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बागायतदाराच्या मनात प्रथम हापूस येतो, हे स्वाभाविक आहे. हापूसचे नाव मोठे आहे आणि 2018 साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु वरील कसोट्या लावून पाहिल्यास अडचणी दिसू लागतात. हंगाम थोड्या महिन्यांचा असतो. फळ नाशवंत असते. फळात साका असल्यास तो बाहेरून दिसत नाही; ग्राहकाने फळ कापल्यावरच कळतो आणि तक्रार मात्र विक्रेत्याकडे येते. शिवाय याच फळासाठी मोठे व्यापारी व शेकडो बागायतदार एकाच वेळी ग्राहकाचे दार ठोठावीत असतात. ज्यांचा जम बसला आहे त्यांनी आंबा अवश्य विकावा. पण अल्प भांडवलाच्या नवख्या कुटुंबास हा आरंभ कठीण जातो.

त्याच बागेच्या कडेला बहुधा कोकमाची चार झाडे उभी असतात. त्यांचे रातांबे उन्हाळ्यात पिकतात आणि वेळेवर उतरविले नाहीत तर पावसात सापडून फुकट जातात. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. फळाची साल, गर आणि बी या तिन्हींचा उपयोग होतो. साल वाळवून, तिला मीठ घातलेल्या रसाची पुटे देऊन आमसूल तयार होते. मीठ घालून टिकविलेल्या रसास आगळ म्हणतात. सालीत साखर घालून अमृत कोकम करतात. आणि बियांपासून मुठेल निघते, जे थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावण्याची जुनी रीत आहे.

या चारही पदार्थांचा धंदा एकदम आरंभू नये. आमसूल कोरडे असते, दाबून भरता येते आणि नीट वाळविलेले व हवाबंद ठेवलेले असल्यास बराच काळ टिकते. आगळ व अमृत कोकम हे द्रव पदार्थ आहेत. बाटली फुटली किंवा झाकणातून गळती झाली तर तेच पार्सल नव्हे, शेजारची पार्सलेही खराब होतात. म्हणून दूरच्या विक्रीसाठी आरंभी आमसूल निवडावे आणि आगळ जवळच्या बाजारात, किंवा पर्यटकांस घरीच विकावे. आगळ आंबट व खारट असल्यामुळे ते धातूच्या भांड्यात न साठविता काचेच्या किंवा अन्नपदार्थांस योग्य अशा प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवावे.

ग्राहकही असाच नेमका ठरवावा. “सर्वांसाठी आमसूल” असे म्हटल्याने ते कोणाचेच होत नाही. मुंबई, पुणे, बडोदा यांसारख्या शहरांत स्थायिक झालेली कोकणी कुटुंबे सोलकढी व माशाच्या आमटीसाठी वर्षभर कोकम वापरतात, त्यांना प्रतीची पारख असते आणि ती पुन्हा पुन्हा खरेदी करतात. गुजराती स्वयंपाकघरातही डाळीत कोकम घालतात. या दोहोंपैकी कोणापासून आरंभ करावयाचा, हे ठरविले म्हणजे पाकिटाचा आकार, मिठाचे प्रमाण आणि जाहिरातीची भाषा हेही ठरते.

आवडीचा विचार

धंद्याच्या चर्चेत आवडीस स्थान कशाला, असे काहींना वाटेल. परंतु लहान धंदा माणसाच्या सातत्यावर चालतो. पहिल्या आठवड्यातील उत्साह प्रत्येकास असतो. तीनशेव्या दिवशीही पाकीट तितक्याच निगुतीने भरणे आणि रागावलेल्या ग्राहकास शांतपणे उत्तर देणे, हे ज्याला त्या कामात रस आहे त्यालाच साधते.

म्हणून घरातील प्रत्येकाला विचारावे: सालीला किती पुटे द्यावीत, ऊन पुरेसे झाले की नाही, हे कोणास नेमके कळते? पत्रव्यवहार व हिशेब ठेवणे कोणास आवडते? अनोळखी माणसाशी फोनवर बोलण्याचा संकोच कोणास नाही? पुष्कळ घरांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सासूबाई किंवा आजी असे येते व उरलेल्या दोहोंचे उत्तर शिकलेली सून किंवा मुलगा असे येते. ज्या कसबास घरात आजवर केवळ कष्ट समजले गेले, त्याचे मोल पैशांत व मानात होते, हे समाधान लहान नव्हे. मात्र हे काम एकाच व्यक्तीच्या अंगावर पडणार असेल, किंवा आमसुलाचा मोसम आणि भातपेरणीची तयारी एकाच वेळी येऊन मजूर मिळणार नसतील, तर तेही आधीच ओळखावे. न आवडणारा नफ्याचा धंदा फार दिवस टिकत नाही आणि आवडीचा तोट्याचा धंदा घर बुडवितो. दोन्ही गोष्टी जेथे जुळतात तेच आपले क्षेत्र होय.

हिशेब कसा मांडावा

पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालावेत. समजा, अर्ध्या किलोचे पाकीट 300 रुपयांस विकले आणि तोच माल गावच्या बाजारात 120 रुपयांस गेला असता.

पाकीट, लेबल व खोका यांस 25 रुपये, टपालास 70 रुपये, विक्री करून देणाऱ्या संकेतस्थळाचे कमिशन शेकडा 15 प्रमाणे 45 रुपये आणि नासधुशीपोटी 10 रुपये धरल्यास खर्च 150 रुपये होतो. उरलेल्या 150 रुपयांतून गावचे 120 रुपये वजा जाता अधिक प्राप्ती 30 रुपयांचीच झाली; आणि भरण्याची मजुरीही त्यातच आली.

आता तोच ग्राहक दोन पाकिटे एकत्र मागवितो असे धरू. विक्री 600 रुपये; वेष्टन 40, टपाल 100, कमिशन 90 व नासधूस 20, मिळून खर्च 250 रुपये. गावचे 240 रुपये वजा जाता 110 रुपये, म्हणजे पाकिटामागे 55 रुपये उरतात. पुढच्या वेळी तो ग्राहक संकेतस्थळास वगळून थेट फोनवर मागणी करील तर कमिशनचे 90 रुपये वाचतात आणि पाकिटामागे 100 रुपये सुटतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नफा पहिल्या विक्रीत नसून परत येणाऱ्या ग्राहकात आहे. म्हणूनच वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तूपेक्षा स्वयंपाकात नित्य लागणारी वस्तू निवडणे श्रेयस्कर होय.

लहान चाचणी

भांडवल घालण्यापूर्वी वीस-पंचवीस पाकिटांची चाचणी घ्यावी. यंत्र घेऊ नये, लेबलेही मोठ्या संख्येने छापू नयेत. इतर विक्रेत्यांच्या आमसुलाबद्दल ग्राहकांनी संकेतस्थळांवर लिहिलेले अभिप्राय आधी वाचावेत. माल ओला आला, मीठ फार आहे, रंग कृत्रिम वाटतो, अशा तक्रारी जेथे वारंवार आढळतात, तेथेच चांगल्या मालास वाव असतो. पाकिटे नात्याबाहेरच्या ग्राहकांस पूर्ण किमतीस विकावीत. फुकट दिलेल्या नमुन्याची स्तुती हा मागणीचा पुरावा नव्हे. दोन-तीन महिन्यांत त्यांपैकी किती जणांनी पुन्हा मागणी केली, हे वहीत लिहून ठेवावे. कोणीही परत आले नाही, तर निवड बदलावी. नुकसान वीस पाकिटांपुरतेच राहील.

पुरवठ्याची मर्यादाही पाहावी. बियांपासून वाढविलेल्या कोकमाच्या रोपांत नर झाडे पुष्कळ निघतात व फळ धरण्यास काही वर्षे लागतात. लागवड वाढवावयाची झाल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातीस’ या जातींची कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावीत.

कायद्याच्या बाबी

शेतकऱ्याच्या हातातील ताजे फळ आणि त्याच फळापासून केलेले आमसूल यांत कायदा भेद करतो. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार प्रक्रिया केलेला पदार्थ विकणाऱ्यास, तो घरी करीत असला तरी, नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव व पत्ता, भरल्याची तारीख, वापराची मुदत, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहाराची हिरवी खूण व नोंदणी क्रमांक हे असावयास हवे. आमसुलाने अमुक रोग बरा होतो असे छापू नये. परराज्यात किंवा संकेतस्थळामार्फत विक्री करण्यापूर्वी वस्तू व सेवा कराबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा. भौगोलिक मानांकनाचे नाव वापरावयाचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेणे आवश्यक आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

हीच रीत इतर भागांसही लागू पडते. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, वायगावची हळद, भिवापूरची मिरची या प्रत्येक मालास भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु कोणता माल दूरच्या पार्सलास परवडेल आणि कोणता जवळच्या शहरात गटाने नेऊन विकणे बरे, हे तिन्ही कसोट्या लावूनच ठरवावे लागेल. कार्यकर्त्यांनी सर्व गावास एकच वस्तू विकण्याची शिफारस करू नये. तसे केल्यास शेजारीच एकमेकांचे भाव पाडू लागतात. प्रत्येक कुटुंबाबरोबर बसून वरील हिशेब त्याच्याच आकड्यांनी मांडून द्यावा, आणि तो जुळत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. नोंदणी, वेष्टनाची घाऊक खरेदी व पार्सल पोचविणे ही कामे बचतगटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एकत्र केल्यास खर्च कमी होतो.

येत्या मोसमापूर्वी प्रत्येक इच्छुक कुटुंबाने एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात: आमचा एक माल, आमचा एक ग्राहक, आणि हे काम मनापासून करणारे आमच्या घरातील माणूस. या तीन ओळी निःशंकपणे लिहिता आल्या तर वीस पाकिटे भरावयास घ्यावीत. लिहिता आल्या नाहीत तर पैसा पेटीतच राहू द्यावा. तो बी-खतासाठी उपयोगी पडेल.