पामर : घोडदळातून रुळांवर

क्वेकर पंथ युद्ध निषिद्ध मानतो. त्याच पंथात वाढलेल्या विल्यम जॅक्सन पामरने अमेरिकन यादवीत तलवार उचलली, कारण गुलामगिरी त्याला त्याहून असह्य होती. १८३६ साली डेलावेअरमध्ये जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयातच रेल्वेच्या सर्वेक्षण पथकात शिरला होता. १८६२ मध्ये त्याने पंधरावी पेनसिल्व्हेनिया ही स्वयंसेवकांची घोडदळ रेजिमेंट उभारली. थोड्याच दिवसांत साध्या वेषात शत्रूच्या मुलखात टेहळणी करताना तो पकडला गेला आणि काही महिने रिचमंडच्या तुरुंगात राहिला. सुटल्यावर पुन्हा रेजिमेंटमध्ये! जानेवारी १८६५ मध्ये अलाबामातल्या रेड हिलला दोनशेहून कमी स्वारांनिशी त्याने मोठ्या फौजेला हरवले, एक तोफ आणि शंभरेक कैदी मिळवले. स्वतःचा एकही माणूस गमावला नाही.

युद्ध संपले आणि तो रेल्वेकडे परतला. १८६७ मध्ये कॅन्सस पॅसिफिकसाठी पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतच्या मार्गाची पाहणी केली. १८७० मध्ये 'डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे' कंपनी काढली आणि रुळांमधले अंतर फक्त तीन फूट ठेवले. प्रमाण रूळमार्गात ते चार फूट साडेआठ इंच असते. अरुंद मार्गाला तीव्र वळणे चालतात, डोंगर कमी फोडावा लागतो, खर्च वाचतो. मला या निर्णयात घोडदळाचा अधिकारी दिसतो: ओझे कमी ठेवायचे आणि जमीन देईल त्या वाटेने पुढे सरकायचे.

कोलोरॅडोतल्या रॉयल गॉर्जमध्ये मात्र वाटच नव्हती. आर्कान्सा नदीची ही घळ एका ठिकाणी जेमतेम तीस फूट रुंद आहे. तिथे दोन्ही कड्यांत लोखंडी तुळया रोवून १८७९ मध्ये पूल टांगला गेला. तो बांधला प्रतिस्पर्धी सांता फे कंपनीने. घळीच्या ताब्यासाठी दोन्ही कंपन्यांची माणसे बंदुका घेऊन उभी ठाकली होती. १८८० च्या तडजोडीत मार्ग पामरच्या कंपनीकडे आला.

हे रूळ ज्या डोंगरांत शिरले, ते यूट या मूळनिवासी लोकांचे होते. सान हुआनचा खाणींचा प्रदेश १८७३ च्या कराराने त्यांच्याकडून गेला आणि १८८१ मध्ये बहुतेक यूटांना कोलोरॅडोतून युटाहमध्ये हलवण्यात आले. पुढच्याच वर्षी याच खाणप्रदेशातल्या सिल्व्हर्टनला पामरच्या कंपनीची गाडी पोचली. पामरचे कर्तृत्व सांगताना हा हिशेब वगळणे मला मान्य नाही.

१९०६ मध्ये घोड्यावरून पडून तो पांगळा झाला. रेजिमेंटच्या मेळाव्याला जाणे अशक्य झाले, तेव्हा १९०७ मध्ये स्वखर्चाने त्याने जुन्या सोबत्यांना कोलोरॅडो स्प्रिंग्जला, स्वतः वसवलेल्या गावी बोलावले. १९०९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. ड्युरँगो ते सिल्व्हर्टन हा त्याचा तीन फुटी मार्ग अजून वाफेच्या इंजिनावर चालतो.